रस्त्याखालची मोरी

गोसीखुर्द धरणात गाव जाणार म्हणून आमची घरं पाडली. त्यांच्याच काँक्रीटची गिट्टी करून नव्या गावाच्या रस्त्याखाली अंथरली. काम खरंच नामी झालं. कितीही पाऊस पडो, पाणी गिट्टीतून झिरपतं, कडेच्या पाइपातून निघून जातं आणि रस्ता कोरडा राहतो. इंजिनिअर अमरचं मला कौतुक वाटतं.

पण यंदा भर उन्हाळ्यात त्या पाइपातून पांढुरकं पाणी येऊ लागलं.

"चुना आहे तो, काका," अमर म्हणाला. "जुन्या काँक्रीटमधून निघतेच."

"पाऊस नाही, नळ नाही. मंग रोज सयपाकाच्याच वेळेले काहून येते?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काकूची याद येऊन राहिली तुमाले."

येतेच. सुगंधाला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. जुन्या घरी ती मोरीवर बसून तांदूळ धुवायची. मी हाक मारली की हात थांबवून ऐकायची.

आज मी पाइपाखाली ओंजळ धरली. पाणी थंडगार होतं. तळाशी तांदळाचे दाणे होते.

"सुगंधा?" मी हळूच म्हटलं.

पाणी थांबलं.