पॅकिंगची जागा

गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये नियमच होता. बाईला दिवस गेले, की तिला फवारणीवरून काढून पॅकिंगला बसवायचं. अकरा वर्षांत एकेक करत सगळ्या जणी तिकडे गेल्या. पाठीवर पंप घेऊन आता ती एकटीच फिरायची. "तुझं बरंय बाई, ना पोर ना घोर," मैत्रिणी तिकडून हसून म्हणायच्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं ते औषध अंगावर घेतलंत, त्याचाच परिणाम दिसतोय. मूल हवं असेल तर आधी फवारणी सोडा."

ती मुकादमाकडे गेली. "दादा, मलाही पॅकिंगला बसवा ना."

मुकादमाचा चेहरा खुलला. "अगं, देव पावला म्हणायचा! आण दाखला."

"नाही दादा. तो पावावा म्हणूनच."

मुकादम ओशाळला. "मग आधी दिवस जाऊ देत, बाई. नियम आहे."