अकरावं वाद्य

तालमीच्या खोलीत अकरा माणसं होती, अकरा वाद्यं होती, आणि ऐकू येत होती दहा.

ताईने व्हायोलिनचा गज खाली केला. "थांबा. थांबा सगळे!"

कोंगा ढोल थांबले, ट्रम्पेट थांबला, अकॉर्डियनने शेवटचा उसासा टाकला. ताई बँडची प्रमुख. सालसाच्या ठेक्यावर आयरिश लोकधुना बसवायच्या हे खूळ तिच्याच डोक्यातून निघालेलं. इतकी वर्षं लग्नाच्या हॉलमध्ये आणि हॉटेलांच्या कोपऱ्यात वाजवल्यावर येत्या शनिवारी पहिल्यांदा मोठं सभागृह मिळालं होतं.

"शिट्टी कुठाय?"

शिट्टी म्हणजे सहा भोकांची, पत्र्याची बारीकशी बासरी. ती ताईचा धाकटा भाऊ वाजवायचा. गाण्याच्या मध्यावर सगळे गप्प होत, फक्त कोंगाचा ठेका उरे, आणि त्यावर शिट्टीने एकटीनेच वरच्या पट्टीत भिरभिरायचं. तिचा शेवटचा सूर आला की ताईने व्हायोलिन उचलायचं. आज ती पुन्हा नुसतीच वाट बघत उभी राहिली होती.

"वाजवली की!" धाकटा ओरडला.

"ओरडतोस काय? मी काय डोंगरापलीकडे उभी आहे?"

कोंगावाला उठला. "ताई, माइक बघू का?" त्याने वाकून पाहिलं, धाकट्याने शिट्टीत फुंकर मारली. "माइकचा दिवा तर लागतोय."

"मग फुंकणारा विझलाय."

कुणी हसलं नाही. ट्रम्पेटवाली आपल्या बुटांची नाडी बघत बसली. सगळे त्याचीच बाजू घेणार हे ताईला माहीत होतं. लाडोबा ना बँडचा!

हे गेले कित्येक आठवडे चाललं होतं. वरचे सूर हा गिळायचा. सांगितलं की मान डोलवायचा आणि पुन्हा गिळायचा. त्यात जागा सोडायची खोड. स्टेजवर तिच्या डाव्या हाताला त्याची जागा ठरलेली, पण हा प्रत्येक वेळी सरकत सरकत उजवीकडे येऊन उभा. आणि बोलणं? 'चहा घेतेस का' एवढंच विचारायचं, तर तेही भाजीवाल्यासारखं आरोळी ठोकून.

ताईचं नशीबच तसं. हल्ली एक गोष्ट धड मिळत नव्हती. तोंडाला शिट्टी बसवलेली किटली हौसेने आणली, तर पाणी आटून बूड काळं झालं तरी ती गप्प. दुकानदाराशी भांडून तिने ती बदलून आणली. दुसरीही तसलीच निघाली.

तालीम संपवून दोघं गाडीत बसले आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओरडून कोण बोलतं? ज्याला आपलंच बोलणं ऐकू येत नाही तो. मग फुंकर किती घालायची हे तरी त्याला कसं कळणार? ट्रम्पेटच्या पुढ्यात उभं राहून राहून पोराचे कान गेले होते.

राग ओसरला, त्या जागी काळजी आली, आणि काळजीचाही लगेच वैताग झाला.

"उद्या कान तपासून घे," ती म्हणाली. "आणि एक सांगून ठेवते. ज्याला ऐकू येत नाही, तो शनिवारी स्टेजवर चढणार नाही. मग तो कुणी का असेना."

"कान तपासू!" धाकटा मोठ्याने म्हणाला. "पण हा नियम नको करूस, ताई!"

"घाबरलास ना?"

तो काहीतरी पुटपुटला. हल्ली ही पुटपुटायचीही सवय लागली होती.

दवाखान्यात काचेची खिडकी असलेली एक छोटी बंद केबिन होती. आत खुर्ची, हेडफोन आणि एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं, इतकंच. धाकटा आत बसला. त्याचा अंगठा सारखा चालत होता.

"दोन्ही कान दहा डेसिबल," यंत्रापुढच्या बाई म्हणाल्या. "विसाच्या आत असलं की उत्तम. आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं."

"शक्यच नाही. तुमचं यंत्र बघा जरा."

"यंत्र ठीक आहे."

"किटलीवालाही हेच म्हणत होता."

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने घसा खाकरला. "मग तूच बसून बघ ना, ताई! चालतंय की नाही ते कळेल!"

"बसते. आणि बिघडलेलं निघालं, तर तुला दुसरीकडे घेऊन जाणार."

तिने हेडफोन चढवले. आधी काही घुमणारे आवाज आले, लांबून कोंगा वाजावेत तसे. तिने तोऱ्यात बटण दाबलं. मग आवाज थांबले. ती वाट बघत बसली. काचेपलीकडे बाईंची बोटं यंत्रावर फिरतच होती, आणि धाकटा तिच्या अंगठ्याकडे टक लावून बघत होता. जरा वेळ गेला. आणखी जरा गेला. शेवटी ताईने हेडफोन काढून खुर्चीवर टाकले आणि दार उघडलं.

"बघा! म्हटलं नव्हतं? मध्येच बंद पडलं."

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तिच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून मोठ्याने सांगितलं, "दोन हजार हर्ट्झच्या वर, म्हणजे उंच, बारीक आवाजांना, उजवा कान, पासष्ट डेसिबल. डावा कान, ऐंशीपर्यंत प्रतिसाद नाही."