साहेबांचा घास

"किटलीचा कान जरा तिरका बसलाय," ताई म्हणाल्या.

धाकटीनं मान डोलावली. "हो ताई. आजच सरळ करते." तिनं पांढरी किटली दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली आणि ती निघाली. दारातून बाहेर पडताना तिचे खांदे सैल झालेले ताईंना दिसले. त्यांना बरं वाटलं. माणसं आता आपल्यासमोर अवघडत नाहीत, असं त्या मनाशी म्हणाल्या.

किटली तशी नीटस होती. गोल पोट, आखूड तोटी. झाकणाचं बोंड बोटाला जरा खडबडीत लागलं होतं, पण तोवर ताईंची नजर कानावर गेली होती. एवढा कान सोडला तर नाव ठेवायला जागा नव्हती, आणि पुन्हा वळून बघावं असंही तिच्यात काही नव्हतं. हीच तर पंचाईत होती. चिनीमातीच्या भांड्यांचा हा कारखाना वर्षानुवर्षं त्याच त्या किटल्या काढत होता. दुकानदार कंटाळले होते. काही नवं बाजारात गेलं नाही तर पुढच्या हंगामात एक भट्टी विझवावी लागणार होती, आणि भट्टीबरोबर तिच्यावरची माणसंही घरी बसणार होती. म्हणून ताईंनी सगळ्यांना मोकळीक दिली होती. मनाला येईल ते करा, मी आहे, असं चारचौघांत सांगून झालं होतं. आणि समोर येत काय होतं? तर नीटस किटल्या.

धाकटीकडून तरी त्यांची ही अपेक्षा नव्हती. तिच्यानंतर कारखान्यात कुणाला घेतलंच गेलं नाही, म्हणून ती आपली धाकटीच राहिली होती. कामाला आली त्या पहिल्या दिवशी तिनं पिशवीतून स्वतः केलेली एक किटली काढली होती. कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहिलेली म्हातारी. कमरेवरचा हात म्हणजे कान, पुढे काढलेलं नाक म्हणजे तोटी. चहा ओतायचा तो म्हातारीच्या नाकातून. ताई पोट धरून हसल्या होत्या. सगळ्या कारखान्याला बोलावून त्यांनी ती दाखवली होती. मग धाकटीच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "गोड आहे गं. पण ही विकत कोण घेणार?" आणि म्हातारीला त्यांनी आपल्या कपाटात ठेवून दिलं होतं. त्यानंतर धाकटीचा तो वेडेपणा कुठं गेला कुणास ठाऊक.

जुनी भीती असेल, ताईंना वाटलं. ती इथल्या भिंतींतच मुरली होती. त्यांच्याआधी या खुर्चीत भिंगसाहेब बसायचे. भिंग हे अर्थात पाठीमागचं नाव. समोर आलेल्या नमुन्यात एखादी चूक सापडेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही, आणि सापडली नाही तर ते नमुन्याचा असा कीस काढायचे की शेवटी त्यात काही उरायचंच नाही. ताई तेव्हा नमुने करायच्या. त्यांनी आणि साचेवाल्या मामांनी यावर एक युक्ती काढली. जिवापाड आवडलेली वस्तू साहेबांपुढे न्यायची झाली, तर तिच्यात एक ठळक चूक मुद्दाम करून न्यायची. साहेब ती पकडणार, खूश होणार आणि बाकीच्याला हात लावणार नाहीत. त्या चुकीला ही दोघं घास म्हणायची. "साहेबांना घास ठेवलास ना?" असं मामा आधी विचारून घ्यायचे. साहेब आयुष्यभर कपांचे कान पिळत राहिले आणि त्यामुळे यांचे कान सुटले.

साहेब गेल्यावर ताई त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आधी टेबलावरची घंटा काढून टाकली. खोलीचं दार उघडं ठेवलं. मॅडम नको, ताई म्हणा, असं सांगितलं. त्या कधी कुणावर ओरडल्या नाहीत. घासाची गोष्ट त्या आता हसत हसत सांगायच्या, संपलेल्या दिवसांची गोष्ट म्हणून.

ताई उठल्या. त्यांनी कपाट उघडलं आणि मागच्या कोपऱ्यातून म्हातारी बाहेर काढली. तिच्यावर धूळ बसली होती. पण भांडायची तयारी तशीच होती. तिला बघून ताईंना पुन्हा हसू आलं, आणि हसता हसताच वाटलं, हिला घेतील की लोक. का नाही घेणार? धाकटीला आत्ताच जाऊन सांगायचं, चुकलं माझं, आपण हीच करू. म्हातारीला हातात धरून त्या जिना उतरल्या.

साच्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून मामांचा आवाज आला.

"काय म्हणाल्या ताई?"

"कान तिरका बसलाय म्हणाल्या."

"म्हणजे घास खाल्ला."

"खाल्ला."

मामा हसले. ते हसणं ताईंच्या चांगलं ओळखीचं होतं. एके काळी त्यात त्यांचंही हसणं मिसळलेलं असायचं. दार ढकलायला हात पुढे होईना. आपण कधी कुणावर ओरडलो नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता. ओरडायची वेळच आली नव्हती. पाठीवर हात ठेवून एक वाक्य बोलल्या होत्या, तेवढं पुरलं होतं.

"आणि झाकणावरची?" आत मामांनी आवाज खाली आणून विचारलं. "ती बोंडावर कोरलेली एवढीशी म्हातारी?"

"तिच्याकडे ताईंची नजरच गेली नाही," धाकटी म्हणाली. "वाचली."