कंपनीच्या नावाचं पुष्पचक्र

"कंपनीचं पुष्पचक्र अजून नाही आलं?" थोरल्या काकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ग्वांगमिनने उगाच दाराकडे पाहिलं.

इस्पितळाच्या तळघरात अंत्यविधीची दालनं होती. समोरच्या दालनात कुणाची तरी आई गेली होती. तिच्या दारापासून थेट लिफ्टपर्यंत पांढऱ्या शेवंतीची माणसाएवढी पुष्पचक्रं उभी होती, आणि प्रत्येकाच्या फितीवर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव. इकडे ग्वांगमिनच्या वडिलांच्या दाराशी दोनच. एक गावच्या मंडळाचं, एक व्याह्यांचं. येणारा जाणारा आधी फिती वाचायचा आणि मग आत येऊन तसबिरीपुढे वाकायचा. पोराने काय दिवे लावले, हे तिथेच ठरायचं.

"सोलमधला विभागप्रमुख तू," काका सूप भुरकत म्हणाले, "आणि तुझ्या साहेबांना एवढं सुचू नये? का बाप आजारी असताना सुट्टी मागितली नाहीस, तशी हेही मागायची लाज वाटली?"

"येईल, काका. ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल."

कसलं ट्रॅफिक आणि कसलं काय. कंपनीने त्याला वसंतातच नारळ दिला होता. बायको सोडली तर कुणाला पत्ता नव्हता.

वडिलांना तर मुळीच नाही. लेक मोठ्या कंपनीत विभागप्रमुख आहे, यावर म्हातारा जगत होता. बाजारात भाजीवालीलासुद्धा लेकाचं कार्ड द्यायचा. उन्हाळ्यात त्याला याच इस्पितळात ठेवलं, पण ग्वांगमिन एकदाही आला नाही. आला असता तर शेजारच्या खाटांवर वाटायला म्हाताऱ्याने नवी कार्डं मागितली असती, आणि समोरासमोर खोटं बोलणं ग्वांगमिनला जमलं नसतं. फोनवर जमायचं. "बाबा, परदेशचे पाहुणे आलेत." "बाबा, मीटिंग आहे." हे बोलताना तो सोलमधल्या एका टेकडीवर बाकावर बसलेला असायचा. दिवसभर. वेळच वेळ होता त्याच्याकडे. "बरं बरं, काम बघ," म्हणून म्हातारा आपणच फोन ठेवायचा.

काकांची नजर चुकवून तो वर आला आणि फाटकाजवळच्या फुलांच्या दुकानात शिरला.

"मावशी, एक मोठं पुष्पचक्र हवंय. फितीवर कंपनीचं नाव घालायचं." त्याने नाव सांगितलं. सांगताना कान तापले.

"गेलेल्यांचं नाव?" फुलं खोचता खोचता तिने विचारलं.

"प्यो बोंगसु."

तिचा हात थांबला. "त्यांचं तर आत्ताच खाली पाठवलं की. ह्याच कंपनीच्या नावाचं."

ग्वांगमिनला भरून आलं. म्हणजे विसरले नव्हते. इतकी वर्षं तिथे हाडं झिजवली, ती अगदीच मातीत गेली नव्हती. कुणीतरी आठवण ठेवली होती, बहुधा जुन्या साहेबांनीच. शिव्या घातल्या होत्या त्याने त्यांना मनातल्या मनात. फुलांच्या टेबलाला धरून तो लहान पोरासारखा रडला.

"कुणी पाठवलं, मावशी? नाव सांगा. मला त्यांचे पाय धरायचेत."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. दंडावरची सुतकाची पट्टी तिला आत्ता दिसली.

"तू मुलगा का रे त्यांचा?"

त्याने मान डोलावली.

"ऑफिसातून नाही आलं, बाळा. तुझ्या बाबांनीच सांगून ठेवलं होतं. उन्हाळ्यात सलाईनचा खांब ढकलत ढकलत इथवर आले होते. तुझ्या ऑफिसात फोन केला होता म्हणे, तेव्हा कळलं त्यांना. म्हणाले, पोराची नोकरी गेलीय, मी जाईन त्या दिवशी चारचौघांत त्याची मान खाली जायला नको. मी म्हटलं, आजोबा, मग त्याला सांगून टाका ना की तुम्हाला कळलंय. भेटायला तरी येईल."

"मग?"

"म्हणाले, नको. मला कळलंय हे त्याला समजलं, तर तो माझ्या मयतालासुद्धा यायचा नाही."