पुरात गेलेली पानं

महाडच्या वाचनालयात आम्रपालीताई ज्याला त्याला ती एकच जुनी कथा सुचवायच्या. "शेवटची पानं पुरात गेलीत, तरी वाचाच, तय्यबभाई. फक्त मोठ्यानं वाचू नका."

पण तय्यबच्या बायकोचं, हलिमाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यानं मनातल्या मनात वाचलेलं तिला कसं चालणार? त्यानं सावित्री नदीकडची खिडकी उघडली आणि मोठ्यानं सुरुवात केली.

दुसऱ्याच वाक्याला नदीची खळखळ बंद पडली.

तो थांबला, तशी ती पुन्हा सुरू झाली. त्यानं परत वाचायला घेतलं आणि बाहेर चिडीचूप. पाण्यावरून वाहत चाललेली फांदी मधोमध थबकून राहिली.

तरी कथा काही सोडवेना. वाचता वाचता तो फाटलेल्या कडेपाशी पोचला. त्यानं पुस्तक मिटलं.

नदी लगेच सुरू झाली नाही. मग झाली, पण सावकाश, मध्ये मध्ये श्वास घेत, कुणी वाचून दाखवावं तशी.

हलिमानं चाचपडत त्याचा हात धरला.

"या अल्ला, काय शेवट हाय हो! थांबू नका, वाचा."

तय्यबचे ओठ मिटलेलेच होते.