सुटी पेटी

व्हर्लिनच्या मोटारसायकलची मागची पेटी पक्की बसवलेली होती, आणि तिलाच पाठ टेकून त्याची बायको आर्लिस अख्खं साउथ डकोटा हिंडली होती.

"सुटी करून घे की," त्याच्या मोटारसायकलवाल्या टोळक्यातले ड्वेन आणि ऑर्विल मागे लागले. "एकटा असलास की गाडी कशी देखणी दिसेल."

"आणि मी कशाला टेकू?" आर्लिस म्हणाली.

"अगं, तू असलीस की लावायची. खटका दाबला की झालं."

शेवटी तिघांनीही हौसेने आपापल्या गाड्यांवर एकसारखे खटके बसवून घेतले. पहिल्याच सहलीत व्हर्लिन पेट्रोल पंपावरच्या दुकानातून कॉफी घेऊन परतला, तर पेटी ड्वेनच्या गाडीवर होती आणि आर्लिस तिला आरामात टेकून बसली होती.

 

"तोंड पाडू नकोस रे, पुढच्या पंपापर्यंत ड्वेनला बघते, तिथून ऑर्विलला, मग काय ते ठरवते."