पुढची बैठक

माझी बायको ह्येवॉन कोरियातल्या तेगू शहराच्या विद्यापीठात, स्मरणशक्तीच्या प्रयोगशाळेत संशोधन सहायक होती. प्रयोगात लोकांना ऐकवायचे शब्द तिच्याच आवाजात रेकॉर्ड केलेले होते. ती गेल्यावर मी ते रेकॉर्डिंग मागायला गेलो. प्राध्यापक म्हणाले, "ते प्रयोगाचं साहित्य आहे. बाहेर देता येत नाही."

तिच्या हाताखाली शिकलेली सोल्बी जिन्यात माझ्यामागे धावत आली. "दाजी, तुम्हीच प्रयोगाला बसा ना. वर्षभर दर आठवड्याला बोलावतात. ताई सांगायची, तुम्हाला टोफू आणायचंसुद्धा लक्षात राहत नाही. असाच माणूस लागतो आम्हाला."

मी बसलो. कानात ह्येवॉन बोलू लागली. छत्री. मीठ. पायरी. आवाजात कसलाच भाव नव्हता. तसंच वाचायला लावलं होतं तिला. मी डोळे मिटून ऐकत राहिलो.

मग सोल्बीने आठवतील ते शब्द विचारले. नीट जमलं तर पुन्हा बोलावतील, म्हणून मी सगळे सांगितले, ओळीने.

तिचा चेहरा उतरला. "एवढे कुणालाच आठवत नाहीत हो. सगळे सांगणाऱ्याला यादी आधीच ठाऊक होती असं धरतात आणि बाद करतात. आता पुन्हा नाही बसता येणार."

"दोन-चार खोडून टाक ना."

"रेकॉर्ड झालंय." तिने माझ्या कानांवरचे हेडफोन हलकेच काढून घेतले. "थोडं विसरायचं होतं, दाजी."